वाटोळं करून घेण्याचा झटपट मार्ग

आयुष्याचं वाटोळं करून घ्यायला लोक उगाच वर्षानुवर्षं घालवतात. दारू, उधारी, कोर्टकचेऱ्या, सगळं रडतखडत. एवढा वेळ आहे कुणाकडे? त्यापेक्षा एस. ई. हिंटनची ‘द आउटसायडर्स’ वाचायला घ्या. १९६७ सालची कादंबरी, घडते अमेरिकेतल्या टल्सा शहरात. १४ वर्षांचा पोनीबॉय आणि १६ वर्षांचा जॉनी हे काम आठवडाभरात उरकून दाखवतात, तेही मनात काडीचं पाप नसताना. (ही लिहायला घेतली तेव्हा बाई स्वतः १५ वर्षांच्या होत्या आणि त्याच सुमारास शाळेत लेखनाच्या विषयात त्यांना ‘डी’ मिळाला होता. निवड फक्त पोरांचीच चुकते असं नाही.)

सुरुवात घरी उशिरा जाण्यापासून करा. मोकळ्या प्लॉटवर चांदण्या बघता बघता डोळा लागला, हे कारण उत्तम. खरं असल्यामुळे ते कुणालाच पटत नाही. घरी २० वर्षांचा थोरला भाऊ डॅरी जागा असतो. आईवडील मोटार अपघातात गेल्यापासून बापाची भूमिका त्याच्याच गळ्यात पडलेली. काळजीने त्याचा जीव अर्धा झालेला असतो आणि ती व्यक्त करायची आपल्याकडे चालते तीच पद्धत त्यालाही येते: कानाखाली. आता तुम्ही ‘दादा, चुकलं’ म्हणालात तर कादंबरी तिसऱ्या प्रकरणातच आटोपेल. म्हणून तडक घराबाहेर पडा. अंगात नुसता स्वेटशर्ट, बाहेर कडाक्याची थंडी, मध्यरात्र टळून गेलेली. बागेत चक्कर मारायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

सोबतीला मित्र घ्या, पण खिशात चाकू असलेला. जॉनीकडे सहा इंची चाकू आहे. तो मुळात भित्रा. काही महिन्यांपूर्वी गाडीतून आलेल्या बड्या घरच्या पोरांनी त्याला मरेस्तोवर मारलं, त्यातल्या एकाच्या बोटांत अंगठ्या होत्या. तेव्हापासून चाकू खिशात, नुसता असावा म्हणून. तीच पोरं आज पिऊन बागेत येतात आणि पोनीबॉयचं डोकं कारंज्याच्या पाण्यात दाबून धरतात. तो शुद्धीवर येतो तेव्हा अंगठ्यावाला बॉब शेजारी मरून पडलेला असतो.

यापुढचा टप्पा नीट जमला पाहिजे. पोलिसांकडे जाऊन ‘हे माझ्या मित्राला बुडवत होते’ असं सांगायचा मोह होईल. आवरा. वस्तीतल्या तेलकट केसांच्या पोरावर कोण विश्वास ठेवणार, ही शंका अगदीच खोटीही नाही. शिवाय डॅरीला भाऊ सांभाळता येत नाहीत असं ठरलं तर धाकट्यांची रवानगी सरळ बालगृहात. तेव्हा सल्ला घ्यायला डॅलीला गाठा. वयाच्या दहाव्या वर्षी अटक झालेला माणूस, अनुभव दांडगा. तो काय देतो बघा: ५० डॉलर, भरलेलं पिस्तूल, ओल्या पोनीबॉयला स्वतःचं जाकीट आणि डोंगरावरच्या एका ओसाड चर्चचा पत्ता. जाकीट देणारा आणि पिस्तूल देणारा हात एकच असतो. हा मित्र नालायक असता तर सोपं झालं असतं. तो जिवाला जीव देणारा आहे, म्हणून तर त्याचं ऐकलं जातं.

मग मालगाडी पकडा, चर्चमध्ये लपा. ज्या चाकूने खून झाला त्यानेच एकमेकांचे केस कापा. पोनीबॉयला केसांचं फार वाईट वाटतं. हे वाचून हसू नका, १४व्या वर्षी केस हीच काय ती मालमत्ता असते. पाचव्या दिवशी जॉनी म्हणतो, परत जाऊ, कबूल करू. नशिबाने तोवर उशीर झालेला असतो. चर्चला आग लागलीय, बहुधा यांच्याच सिगारेटमुळे, आणि आत सहलीला आलेली लहान मुलं अडकलीत. दोघं आत उडी घेतात. पोरं वाचतात, जॉनीचा पाठीचा कणा मोडतो. पुढे तो जातो आणि त्याच रात्री डॅलीही: दुकान लुटून, गोळ्या नसलेलं पिस्तूल पोलिसांवर रोखून.

पालकांनी हिरमुसायचं कारण नाही, त्यांच्यासाठीही इथे भरपूर आहे. जॉनीच्या घरासारखं बाप मारतो आणि आई ढुंकून बघत नाही, हा एक प्रकार. तो फार अंगावर येत असेल तर बॉबच्या आईबापांची रीत घ्या. बॉब एकदा तर्र होऊन घरी आला. वाटलं, आज तरी बाप आवाज चढवेल. उलट आईबापच ‘आमचंच चुकलं’ म्हणत बसले. त्याचा मित्र पुढे सांगतो की बॉबला आयुष्यभर कुणीतरी एकदा ‘नाही’ म्हणायला हवं होतं. एका पोराला रोज मार, दुसऱ्याला कधी साधी ताकीदही नाही, आणि दोघांचा निकाल एकाच महिन्यात. कुठलीही पद्धत निवडा, गुण येतो. यातून काही शिकावं लागू नये म्हणून अमेरिकेत कित्येक ठिकाणी पालकांनी हे पुस्तकच शाळेतून काढा अशी मागणी केली. प्रश्न मिटला.

एवढं झाल्यावर न्यायाधीश पोनीबॉयला निर्दोष सोडतात आणि भावांसोबत घरीच राहू देतात. म्हणजे ज्या बालगृहाच्या धास्तीने पळापळ झाली, ते कधी आलंच नाही. खऱ्याची साक्ष देणारी चेरी तर मेलेल्या बॉबचीच मैत्रीण. हे मात्र आधी कुणाला सांगू नका, नाहीतर कोण पळेल?

शेवटी निबंध. इंग्रजीचे सर म्हणतात, घसरलेले गुण सावरायचे तर काहीतरी लिहून दे. पोनीबॉय त्यांना फोन करून विचारतो, किती मोठा हवा? किमान पाच पानं. जास्त झाला तर चालेल का? चालेल. आणि तो जे लिहितो तीच ही कादंबरी. आपल्याकडे मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरला भरधाव गाडीखाली दोन जीव गेले, तेव्हा १७ वर्षांच्या मुलाला जामीन देताना असाच निबंध सांगितला होता. लोक खवळल्यावर दोन-तीन दिवसांत त्या आदेशात बदल झाला, ते सोडा. पोनीबॉयने अख्खं पुस्तक भरवलं, तुमच्यावर तेवढा भार पडणार नाही. घर चांगल्या भागात असेल तर ३०० शब्दांत भागतं.