मुझुमदार अपवाद नाही

नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या मुलींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला तेव्हा दादरच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर त्यांच्या कोचचे, अमोल मुझुमदारचे फोटो थांबत नव्हते. पण उत्साह ओसरल्यावर गाडी पुन्हा मूळपदावर आली: "तो अपवाद रे. देशासाठी एकही मॅच न खेळलेला माणूस काय शिकवणार?" प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केलेल्या माणसाबद्दल हे! २०२३ मध्ये त्याची नेमणूक झाली तेव्हाही हीच मंडळी हेच म्हणत होती.

मी टोकियोत राहतो, त्यामुळे मला लगेच जपानी बेसबॉलपटू मासाहिरो कावाई आठवतो. ओकायामाचा पोरगा. १९८२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, टोकियोच्या योमिउरी जायंट्स टीमने चौथ्या फेरीत घेतला, तोही पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून. पुढे शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर झाला. होमरन मारणाऱ्यांच्या त्या टीममध्ये टिकायचं तर बाकीचे टाळतात ते काम अंगावर घ्यायचं, म्हणून त्याने बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच थोपवायचा फटका, घोटला. वरचा हात बॅटवर पुढे सरकवायचा, बोटं मागे लपवायची, गुडघे वाकवायचे आणि वेगात आलेल्या चेंडूचा जोर असा मारायचा की तो रेषेलगत रांगत जावा. आपण आउट, पण पहिल्या बेसवरचा साथीदार दुसऱ्यावर, धावेच्या एक टप्पा जवळ. जायंट्सच्या मैदानावर, टोकियो डोममध्ये असा आउट झालेला माणूस परततो तेव्हा अख्खा डगआउट हात पुढे करून उभा असतो. आपल्याकडे विकेट फेकली म्हणून त्याला शिव्या पडल्या असत्या.

२००३ मध्ये कावाईने अमेरिकेच्या एडी कॉलिन्सचा बंटचा जागतिक विक्रम मोडला आणि शेवटी ५३३ बंटवर थांबला. त्याच वर्षी तो निवृत्त होऊन जायंट्सचा कोच व्हायचा होता. पण टीम चालवणारे मॅनेजर हारा यांनी पद सोडलं आणि ते बारगळलं. या विक्रमवीराने निवृत्ती मागे घेतली आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर चुनिची ड्रॅगन्स या दुसऱ्या टीमच्या कॅम्पात जाऊन चाचणी दिली. तिथे २००६ पर्यंत खेळला, मग कोच झाला. पुढे जायंट्सने त्याला परत बोलावून आधी दुसऱ्या फळीचा मॅनेजर आणि नंतर हेड कोच, म्हणजे मुख्य मॅनेजरच्या हाताखालचा पहिला माणूस केलं. पाय कुठे ठेवायचा, ग्लव्ह किती खाली न्यायचा, हे ज्याला एकेक करून शिकावं लागलं तोच ते दुसऱ्याला सांगू शकतो. उपजत जमणाऱ्याला ते सांगता येत नाही.

मान्य, जायंट्सचा मुख्य मॅनेजर इथेही जुना स्टारच असतो. पण इनफिल्डच्या (बेसजवळ फील्डिंग करणाऱ्या) पोरांना रोज नॉक, म्हणजे सरावाचे चेंडू, मारणाऱ्या कोचला "तू स्वतः किती होमरन मारलेस" असं कुणी विचारत नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, तर उत्तर आलं: "टोकियोच्या निशी-कासाईत बसून आम्हाला क्रिकेट शिकवू नकोस." लागलं ते. शिवाजी पार्कच्या मातीत मीही गुडघे फोडून घेतलेत. इथे ऑफिसात नवी पोरं माझ्याकडे काम शिकतात, काचो (विभागप्रमुख) होतात, पुढे जातात. मी आहे तिथेच आहे आणि शिकवणं मला मनापासून आवडतं. म्हणून मुझुमदारला अपवाद म्हटलं की ते माझ्याबद्दल बोलल्यासारखं वाटतं. इथल्या कुणी म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. दादरच्या पोरांनी म्हटलं, म्हणून रात्रभर झोप नाही.