फुल तिकीट

रविवारी जेवणं आटोपली की आमच्या दिवाणाची एसटी स्वारगेटहून साताऱ्याला सुटते. कंडक्टर पहिलीत आहे. गळ्यात माझी ऑफिसची बॅग, हातात टीव्हीचा रिमोट. तेच तिकिटाचं मशीन. डुलकी काढायला आडवा झालेला माणूस ‘सीट अडवणारा’ ठरतो. “ओ काका, उठून बसा!” मी म्हटलं, अगं, मी तुझा बाबा. तर म्हणे, ड्युटीवर बाबा-बिबा नसतो.

सवलतींचा तिचा अभ्यास पक्का आहे. आजी पंचाहत्तरच्या पुढची, म्हणून तिला मोफत. पण आधार कार्ड दाखवल्याशिवाय नाही. शेवटी आजी गुडघे धरत कपाटापर्यंत जाऊन आली. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणून आईला तीस रुपये. बाहुली पाच वर्षांच्या आतली, ती मांडीवर. फुल तिकीट साठ रुपये, ते घरात एकट्या मला. मी शंभराची नोट काढली. “सुट्टे नाहीत. चाळीस रुपये तिकिटामागे लिहून देते.” हीच मुलगी आदल्या रात्री वहीतलं ‘१०० − ६०’ पाहून पोटात दुखतं म्हणाली होती.

लोकांना वाटतं, कल्पनेचा खेळ म्हणजे मुलांना मोकळं रान. एकदा प्रवासी होऊन पाहा म्हणावं. लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ सालीच एका व्याख्यानात सांगून ठेवलंय, की असा खेळ नियमांशिवाय होतच नाही आणि खेळताना मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच होतं. प्रवाशांचं काय होतं, यावर ते बोललेले नाहीत. शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींना खोट्या-खोट्या खेळापेक्षा मुलांनी खरी कामं केलेली जास्त पसंत होती. एरवी काहीही असो, रविवारी दुपारी मी माँटेसरीबाईंच्या बाजूचा.

शिरवळ गेलं, खंबाटकी लागला. वळणावळणाला सगळ्यांनी कलायचं. आजीला गाडी लागते, म्हणून तिच्या हातात आधीच पिशवी. जेवताना पाच मिनिटं पाटावर न टिकणारी मुलगी अख्खा घाट कपाटाचा दांडा धरून उभी. घाटात कंडक्टर बसत नाही म्हणे. तेवढ्यात साहेबांचा फोन. “गाडीत हळू बोला,” कंडक्टर गुरगुरली. साहेबांनी विचारलं, कुठे आहात? तोंडून निघून गेलं, “खंबाटकीत.” “बरं बरं, घाट उतरा, उद्या बोलू.” सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी रविवारचं काम सोमवारवर ढकललं. व्हिगॉट्स्कींबद्दल माझं मत तिथल्या तिथे सुधारलं.

सातारा आलं. मी उशी ओढली.

“झोपता काय? परत जायचंय. येताना घाट नसतो, बोगदा असतो.”

बोगदा दिवाणाखाली आहे. ज्येष्ठांना आणि महिलांना त्यातून सवलत आहे.