तारीख नसलेला शिक्का

मागच्या महिन्यात एका सरकारी कार्यालयात अर्ज द्यायला गेलो होतो. खिडकीशेजारच्या भिंतीवर लोकसेवा हक्क कायद्याचा मोठा फलक लावलेला होता आणि त्यावर सेवेचे नाव, ती किती दिवसांत मिळेल, पदनिर्देशित अधिकारी कोण आणि प्रथम अपील कोणाकडे करायचे, असे सगळे रकाने व्यवस्थित भरलेले होते. खिडकीतल्या बाईंनी अर्ज चाळला आणि म्हणाल्या, "ठेवून जा, साहेब आले की बघतील." मी पोच मागितली. मागणी त्यांना आवडली नाही, तरी दुसऱ्या प्रतीवर 'आवक'चा शिक्का उमटवून त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. शिक्क्यातली तारखेची जागा कोरी होती. तसे म्हटल्यावर त्या सहजपणे म्हणाल्या, "तुम्हीच टाका की."

महाराष्ट्रात हा कायदा २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. विहित मुदतीत सेवा दिली नाही तर संबंधित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि नागरिकाला दोन अपिले करून पुढे आयोगाकडेही जाता येते. मात्र ही सगळी यंत्रणा मुदतीवर चालते आणि मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून. तारीखच नसेल तर मुदत सुरू होत नाही, मुदत सुरू झाली नाही तर ती संपत नाही आणि मग अपील कशाविरुद्ध करायचे? विधानमंडळाने मंजूर केलेला एक अख्खा कायदा आठ आण्याच्या नाण्याएवढ्या कोऱ्या जागेत अडकून पडतो. मी त्या बाईंना दोष देत नाही. त्यांच्या मागची दोन टेबले रिकामी होती आणि तारीख टाकली की पहिला जाब आपल्यालाच विचारला जाणार, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

घरी येताना मनात आले की अशी कोरी जागा फक्त खिडकीवरच्या शिक्क्यात नसते. ती आपल्या कित्येक कायद्यांच्या पहिल्याच कलमात असते. शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास हा अधिनियम अंमलात येईल, अशा आशयाचे ते वाक्य असते. विधेयकावर सभागृहात चर्चा होते, वर्तमानपत्रांत मथळे येतात, मंत्री पेढे वाटतात. पण या वाक्याकडे कोणी बघत नाही. लोकप्रतिनिधींनी कायदा करायचा आणि तो सुरू कधी करायचा हे सरकारने ठरवायचे, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

हा सरकारचा हात किती लांब जाऊ शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या राज्यघटनेतच आहे. आणीबाणीनंतर १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली. तिच्या तिसऱ्या कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेवर, म्हणजे खटल्याशिवाय माणसाला डांबून ठेवण्यावर, मर्यादा घातली होती. सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाशिवाय माणसाला तीन महिन्यांपर्यंत डांबून ठेवता येत होते, तो काळ दोन महिन्यांवर आणायचा होता आणि मंडळाची रचनाही अधिक स्वतंत्र करायची होती. संसदेने ते मंजूर केले, राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि आजतागायत ते कलम अंमलात आलेले नाही. त्यानंतर केंद्रात जवळपास प्रत्येक पक्षाला सत्तेत वाटा मिळाला आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला तेव्हा डिसेंबर १९८१ च्या ए. के. रॉय प्रकरणात न्यायालयानेही, ही अधिसूचना काढाच असा आदेश आम्ही सरकारला देऊ शकत नाही, अशीच भूमिका घेतली. १९९५ चा दिल्ली भाडे कायदाही असाच संमती मिळूनही कधी सुरू झाला नाही.

याउलट माहितीचा अधिकार बघा. २००५ च्या त्या कायद्यात काही कलमे लगेच आणि उरलेली एकशे विसाव्या दिवशी लागू होतील, असे कायद्यातच लिहिलेले होते. जूनमध्ये संमती मिळाली आणि १२ ऑक्टोबरला कायदा सुरू झाला. तीस दिवसांची मुदत, उशीर झाल्यास दिवसाला अडीचशे रुपये आणि कमाल पंचवीस हजारांचा दंड हेही मूळ कायद्यातच होते; त्यासाठी कोणाच्या अधिसूचनेची वाट पाहावी लागली नाही. आता त्यातही माहिती आयुक्तांची पदे रिकामी ठेवून दुसरी अपिले वर्षानुवर्षे तुंबवण्याची युक्ती सापडली आहे, हे खरे. पण निदान घड्याळ सुरू तरी झाले होते.

कायदा सुरू झाला म्हणजे पोहोचला असेही नाही. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा संसदेने १९९६ मध्ये केला. महाराष्ट्राने पंचायत कायद्यात मधल्या काळात दुरुस्त्या केल्या, पण पेसाचे स्वतंत्र नियम यायला २०१४ उजाडले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची गोष्ट तर आणखी बारकाईने पाहण्यासारखी आहे. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ मध्ये आले आणि गावाचा सामूहिक दावा २००९ मध्ये मंजूर झाला. बांबू हे गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड नसून गावाला गोळा करून विकता येणारे जंगलाचे उत्पन्न आहे, हे कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेले होते. तरीही गावाला स्वतःचा बांबू बाहेर नेऊन विकता येईना, कारण वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या ताब्यात होते. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. परवान्यांचे एक पुस्तक मिळायला एक केंद्रीय मंत्री आणि एक मुख्यमंत्री लागले.

हे सगळे आपल्या प्रशासनाच्या संथपणामुळे होते, असे कोणी म्हटले की मला माहिती तंत्रज्ञान कायद्यातले, इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी तुरुंगवास देणारे कलम ६६-अ आठवते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरची एक पोस्ट आणि तिला दिलेला एक लाइक एवढ्यावरून अटक झाली. तेव्हा हे कलम गाजले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. पण पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवणे चालूच राहिले. २०२१ मध्ये हे पुन्हा न्यायालयापुढे आले, तेव्हा महान्यायवादींनी लक्षात आणून दिले की कायद्याच्या पुस्तकात ते कलम अजून पूर्ण छापलेले असते आणि ते रद्द झाल्याचा उल्लेख फक्त तळटीपेत असतो. ठाणे अंमलदार तळटीप कशाला वाचेल? २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढावे लागले.

म्हणजे नागरिकाच्या हातात काही देणारा जिवंत कायदा अठरा वर्षे नियमांसाठी ताटकळतो आणि नागरिकाला आत टाकणारा मेलेला कायदा सात वर्षे चालता-फिरता राहतो. यंत्रणा तीच आणि माणसेही तीच. केवळ आळस असता तर तो दोन्हीकडे सारखा दिसला असता.

म्हणून माझी मागणी अगदी कोरडी आहे. प्रत्येक विधेयकात अंमलाची तारीख किंवा दिवसांची संख्या लिहिलेली असावी आणि नियम कधीपर्यंत येतील तेही त्यातच लिहिलेले असावे. तयारीला वेळ लागतो हा आक्षेप मला मान्य आहे. एकशे वीस दिवस कमी वाटत असतील तर तीनशे लिहा. तेवढ्यात जमले नाही तर मंत्र्यांनी पुन्हा सभागृहात यावे, कारण सांगावे आणि आमदार-खासदारांकडून मुदतवाढ मागून घ्यावी. तेवढी अडचण सरकारला व्हायलाच हवी.

माझ्या प्रतीवर मात्र मी तारीख टाकली नाही. बाईंनाच पेन दिले. त्यांनी माझ्याकडे, मग साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले आणि तारीख टाकली, फक्त दुसऱ्या दिवसाची.