ग्लास कॉकपिट बसवलं म्हणून जुनं विमान सुरक्षित होतं का?

जुन्या सेस्ना १७२ या छोट्या विमानात काट्यांच्या तबकड्यांऐवजी डिजिटल पडदे, म्हणजेच ग्लास कॉकपिट, बसवलं की ते आपोआप सुरक्षित होतं, असा मेसेज फिरतोय. अर्धंच खरं आहे. विमानाचा कल नि दिशा दाखवणाऱ्या फिरत्या चक्रांच्या (जायरो) जागी सेन्सर येतात, ती चक्रं फिरवणारा बेभरवशाचा व्हॅक्यूम पंप काढता येतो; हा फायदा मोठाच. पण हवेच्या दाबावरून वेग मोजणारी पंखाखालची पिटो नळी तीच राहते. तिच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं, तर वेग चुकीचाच दिसणार, फक्त आता रंगीत आकड्यांत! इंजिनाचं वयही घटत नाही.

अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे वाहतूक अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळाने, २०१०मध्ये छोट्या विमानांचा अभ्यास मांडला. ग्लास कॉकपिटवाल्यांत एकूण अपघातांचं प्रमाण कमी, पण जीवघेण्या अपघातांचं जास्त निघालं. अर्थात ती विमानं कारखान्यातूनच तशी आलेली होती, नंतर पडदे बसवलेली जुनी नव्हेत. वैमानिकांना त्या-त्या उपकरणाचं वेगळं प्रशिक्षण द्या, असं मंडळाने सुचवलं. मेसेजमध्ये नेमकं तेच गाळलंय.