रेंज फुल, नेट गुल

आमच्या तळघरातल्या खोलीत वाय-फाय येत नाही, हे अर्धसत्य आहे. येतं, पण जिन्यापर्यंत. त्यामुळे खाली टेबल-खुर्ची सजवून ठेवलेली असताना ऑफिसच्या मीटिंगा मी जिन्यात, लॅपटॉप मांडीवर घेऊन, जाणाऱ्या-येणाऱ्याला वाट देत उरकायचो.

राऊटर बिचारा निर्दोष. मधे काँक्रीटचा स्लॅब आणि त्यात सळयांची जाळी. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगाला दांडगी, पण भिंत आली की नांगी टाकते. २.४ वाली चिवट, तिचाही स्लॅबपाशी जीव जातो. अण्णांना हे काही पटेना. "अरे, अँटेना आडव्या कर. उभ्या ठेवून काय आभाळातून मेसेज यायचेत?" मी दुर्लक्ष करणार होतो, पण संतापजनक गोष्ट अशी की त्यात तथ्य होतं. उभी अँटेना आजूबाजूला जास्त फेकते, वर-खाली कमी. अँटेना आडवी केली आणि खाली मोबाइलवर सिग्नलची एक दांडी वाढली. ती दांडी अण्णा अजून पाहुण्यांना सांगतात.

मग एक्स्टेंडर आणला. मोबाइलवर दांड्या फुल, नेट गुल. हे यंत्र मुळात सांगकाम्या. जिन्यापर्यंत जे मरतुकडं सिग्नल पोहोचतं, तेच पुढे ढकलतं. त्यातून आमच्या यंत्रात रेडिओ एकच. ऐकायचं त्यानेच, बोलायचंही त्यानेच. म्हणजे होता तो वेगही निम्मा.

शेवटी ठरलं, केबल टाकायची. "वायरलेससाठी वायर?" बायकोने विचारलं. या प्रश्नाला आजवर कोणालाही सन्मानाने उत्तर देता आलेलं नाही. तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, असं मी सांगू लागलो. तिला फक्त भोक कुठे पडणार एवढंच हवं होतं. खूप वाटाघाटींनंतर कपाटामागे, कोणाला दिसणार नाही असं, अगदी बारीक भोक मंजूर झालं. विजेच्या पाइपातून ओढायची सूचना मी फेटाळली. विजेच्या तारांसोबत ही केबल नांदवत नाहीत.

बारीक भोकाची किंमत पुढे कळते. केबल आत जाते, टोकाचा प्लग जात नाही. म्हणजे केबल नुसतीच ओवायची आणि प्लग नंतर आपल्या हाताने ठोकायचा. आत आठ तारा, चार जोड्या. क्रम ठरलेला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. लग्नाच्या पंगतीत हिरव्या नवरा-बायकोच्या मधोमध निळं जोडपं येऊन बसावं, तसला हा प्रकार. मधल्या दोन पिना जुन्या टेलिफोनच्या जोडीसाठी राखलेल्या, त्याचा हा वारसा. तारा सरळ करायच्या, एका रेषेत कापायच्या, श्वास रोखून प्लगमध्ये सरकवायच्या. नेमक्या त्याच क्षणी तपकिरी बाई रांग सोडून मागे सरते. चष्मा कपाळावर, क्रिंपिंग टूल दातात, आणि वरून अण्णा, "झालं का रे?"

टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले तेव्हा मी शिट्टी वाजवली. चारच तारा जुळल्या असत्या तरी नेट चाललं असतं, पण १०० एमबीपीएसवर. गिगाबिटला आठही लागतात.

पुढचं काम सोपं. कपाटात पडलेला जुना राऊटर खाली लावला, केबल त्याच्या लॅन पोर्टात घातली. त्याचं डीएचसीपी बंद केलं, कारण पत्ते वाटणारा कारभारी घरात एकच बरा. त्याला स्वतःला वेगळा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिला, चॅनल वेगळा, नाव आणि पासवर्ड वरचेच. खाली वेग असा आला की मुलगा स्वतःहून खाली राहायला तयार झाला.

अण्णा मात्र व्हिडिओ कॉल करत खाली उतरले आणि समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून गोठला. त्यांचा मोबाइल वरच्या राऊटरला धरूनच होता. कोणाला कधी सोडायचं हे राऊटर नाही, मोबाइल ठरवतो, आणि काही मोबाइल एका दांडीवरही जुनी संगत सोडत नाहीत.

"अण्णा, वाय-फाय एकदा बंद करून चालू करा," मी म्हणालो.

अण्णा तडक वर गेले. मिनिटभरात माझी मीटिंग, मुलाचा गेम, सगळंच थिजलं. वरून खणखणीत आवाज आला, "बटण बंद केलंय रे भिंतीवरचं! चालू कधी करू?"