अठरा खड्ड्यांचा मोबदला

परवा सकाळी सव्वासात वाजता माझी भूमापन खात्यात नेमणूक झाली. नेमणूक बांधावर बसलेल्या आप्पांनी केली. रुजू व्हायचं की नाही, हे मला कुणी विचारलं नाही.

आता लिहायला बसल्यावर दिसतं की दोष अगदीच त्यांचा नव्हता. धुळ्याबाहेर चुलतभावाचं कपाशी उपटून मोकळं झालेलं चार एकर वावर. त्यात एक पांढऱ्या मिशीचा माणूस उभा. डोळ्याला अंतर मोजायची लेझर दुर्बीण, खिशात आकड्यांचा कागद, हातात लोखंडी टोकाची काठी आणि ऐंशी मीटरवर बांबूला बांधलेलं लाल फडकं. हा गोल्फ आहे हे ओळखायला गोल्फ आधी पाहिलेला हवा. आमच्या भागात गोल्फ म्हटलं की लोक नाशिकचा पत्ता सांगतात, आणि नाशिकचं ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात. कलकत्त्यात १८२९ पासून गोल्फ क्लब आहे, पण ती हवा तापी ओलांडून इकडे आलेली दिसत नाही. हे सगळं मान्य. तरी राग गेलेला नाही.

“काय मोजी राह्यनात साहेब?”

“मोजत नाही आप्पा. खेळतोय.”

आप्पांनी माझ्या मिशीकडे पाहिलं, मग दुर्बिणीकडे. या वयाचा माणूस सकाळच्या पहारी वावरात एकटाच खेळतो, हे पटण्यापेक्षा तो सरकारी माणूस आहे आणि थापा मारतो आहे, हे पटायला सोपं होतं.

“रस्ता कोठून जाई राह्यना?”

“रस्ता नाही हो. हा गोल्फ. हा चेंडू त्या खड्ड्यात घालायचा. पुऱ्या खेळात असे अठरा खड्डे असतात.”

हे वाक्य मी बोलायला नको होतं. आप्पांनी बिडी विझवली आणि उरलेली कानामागे ठेवली. आता कामाचं बोलणं सुरू झालं होतं.

“अठरा! टावर शे का पाइपलाइन?”

“दोन्ही नाही.”

“एक खड्डाना काय भाव देतस?”

मी त्यांना खड्डाच दाखवायला नेला. प्रत्यक्ष पाहिल्यावर संशय फिटेल अशी आशा होती. नियमाने खड्ड्याचा व्यास १०८ मिलिमीटर आणि खोली किमान १०१.६. क्लबात तो पाडायला पोलादी कटर असतो. वावरात चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा पुरतो. बाहेरून तो ११० मिलिमीटर भरतो, म्हणजे दोन मिलिमीटरची लबाडी, ती वयाकडे बघून पोटात घालावी. पाइप मातीत ठोकायचा, आतली माती उलथण्याने उपसायची आणि पाइपची कड जमिनीच्या इंचभर खाली दाबायची. ती वर राहिली तर चेंडू कडेला आपटून बाहेर उडतो आणि माणूस नशिबाला बोल लावतो. हे सगळं मी आप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी वाकून आत बोट घातलं.

“इतला धाकला खड्डामा खांब कसा बसी?”

“खांब नाहीच आहे!”

“माले समजस. तुम्हले वरतून सांगेल व्हई, सांगू नका म्हनीसन.”

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. सरकारी माणूस ‘नाही’ म्हणाला की त्याचा अर्थ ‘आहे’, आणि ‘आहे’ म्हणाला की त्याचा अर्थ ‘अजून दहा वर्षं’. मग मी विषय तब्येतीवर नेला. म्हटलं, आप्पा, हे सगळं प्रकृतीसाठी. अठरा खड्डे खेळायचे तर पायी सहा-सात किलोमीटर होतात.

“सात किलोमीटर! कोठलगून?”

मी गप्प बसलो. ते मनातल्या मनात वाटेत येणाऱ्यांचे गट नंबर मोजत होते.

त्यांना सांगायचं राहिलं ते इथे सांगतो, इथे तरी कुणी सातबारा काढणार नाही. म्हातारपणी गोल्फचा मुख्य फायदा चालण्याचा आहे, फटक्याचा नाही. एक फटका दोन सेकंदांतही आटोपतो. चार तासांच्या खेळात खरं फटके मारणं काही मिनिटांचं. बाकी सगळी चाल, ती उंच-सखल जमिनीवरची, थांबत-थांबत. सत्तर किलोचा माणूस पिशवी घेऊन चालत खेळला तर चार तासांत साधारण १२०० कॅलरी खर्च होतात. (नंतर शेवभाजीची तर्री आणि दोन पाव रिचवले तर हिशेब कुठे जातो, ते ज्याचं त्याने पाहावं.) दम लागतो पण बोलता येतं, अशा बेताचा हा व्यायाम, आणि जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला असा १५० ते ३०० मिनिटांचा व्यायाम करा म्हणते. पासष्टीनंतर ती आणखी एक गोष्ट मागते: आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. गोल्फमध्ये तो आयता होतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा सगळा भार फटक्याच्या शेवटी डाव्या पायावर येतो. तिथे तीन सेकंद न डगमगता उभं राहून दाखवा. डगमगलात तर फटका जोरात मारलात असं समजा. मोरीत पडून खुबा मोडण्यापेक्षा वावरात डगमगून हे कळलेलं बरं.

आता लोक काय करतात, तर क्लबात जाऊन बॅटरीची गाडी भाड्याने घेतात. पावलं जवळजवळ निम्म्यावर येतात. लग्नाला जायचं आणि जेवण सोडून नुसता आहेर देऊन यायचं, तसा हा प्रकार. गाडी नको असेल तर चौदा काठ्याही नकोत. नियम चौदापर्यंत परवानगी देतो, सक्ती करत नाही. साठीनंतर सात पुष्कळ: लांब मारायला एक ड्रायव्हर किंवा लाकडी आणि एक हायब्रिड, मधल्या अंतराला तीन आयर्न, जवळून उंच उडवायला एक वेज, खड्ड्यात ढकलायला एक पटर. भरलेली पिशवी दहा-बारा किलोच्या घरात जाते; ती खांद्यावर टाकण्यापेक्षा चाकाच्या ढकलगाडीत ठेवावी. ढकलगाडी म्हटलं ते मुद्दाम. ओढायची गाडी खांदा मागे पिळते आणि कंबर वाकडी करते.

कंबर हा या खेळाचा खरा सातबारा आहे. सगळे बोजे तिथेच चढतात. कमरेचे मणके सगळे मिळून जेमतेम दहा-पंधरा अंश वळतात. वळायचं काम खुब्यांचं आणि छातीच्या पाठीमागच्या मणक्यांचं. वयाने खुबे आखडले की ते काम बिचाऱ्या कमरेवर येतं. शिवाय तरुण खेळाडूंच्या चित्रफिती पाहून जो तो पाय रोवून फक्त खांदे फिरवायला बघतो. तसं करू नये. काठी मागे नेताना डावी टाच खुशाल उचलू द्यावी, उजवं पाऊल थोडं बाहेर वळवून ठेवावं आणि तीन-चतुर्थांश झोक्यावर समाधान मानावं. चेंडू वीस मीटर कमी जाईल. नाहीतरी शोधायला आपल्यालाच जायचं असतं.

आधी दहा मिनिटं अंग मोकळं करावं: काठी खांद्यांमागे आडवी धरून सावकाश वळणं, पायाचे झोके, मग दोन बोटांत धरल्यासारखी हलकी पकड घेऊन आठ-दहा रिकामे झोके. पकड आवळली की कोपराच्या आतल्या बाजूला ठणका लागतो. डॉक्टर त्याला ‘गोल्फर्स एल्बो’ म्हणतात. आयुष्यात गोल्फ न खेळलेल्यांनाही तो होतो, निदान आम्हाला नाव तरी शोभतं. आपल्याकडे त्यात काळ्या मातीची भर. माघ-फाल्गुनात ती विटेसारखी होते. काठी चेंडूआधी जमिनीवर बसली की सगळा दणका कोपरात येतो. म्हणून चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, किंवा जुन्या पायपुसण्यावर ठेवून मारावा. नियमात ते बसत नाही, कोपर मात्र दुवा देतं.

आणि भेगा. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, कपाशीच्या वावरातली भेग त्याहून उदार असते. हरवलेला चेंडू शोधायला नियमाने फक्त तीन मिनिटं मिळतात. २०१९ पर्यंत पाच मिळायची. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी हा अन्यायच, पण खेळ लांबतो म्हणून केला म्हणे. मी तिसऱ्या मिनिटाला भेगेत डोकावत असताना आप्पांनी सल्ला दिला की चेंडूला सुतळी बांधावी, विहिरीच्या बादलीला बांधतात तशी. ऐंशी मीटर सुतळीचा भावही सांगितला. चेंडू पोरांनी नेऊ नये म्हणून सुतळी बांधतो आणि मोजणी करतो ते गुपचूप, असा काहीसा त्यांचा समज झाला असावा.

उन्हाचं वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४४-४५ ला पोचतो, तेव्हा साडेनवाच्या आत घरी. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याने तहान लागायची वाट न पाहता दर दोन खड्ड्यांनी पाणी प्यावं. घेरी इथेच येते. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्याने खिशात गुळाचा खडा आणि पिशवीत केळं ठेवावं. केळं कुठलं, ते खानदेशी माणसाला सांगणं हा अपमान होईल.

परत आप्पांकडे येतो, कारण तेही परत आले होते. आकड्यांचा कागद त्यांना पाहायचा होता. त्यावर वर लिहिलेलं ३६ त्यांनी बरोबर हेरलं.

“हाई काय शे?”

“हँडिकॅप. माझा हँडिकॅप छत्तीस आहे.”

हा शब्द त्यांना माहीत होता. चेहरा एकदम मऊ झाला. मला त्यांनी बांधावर बसायला जागा करून दिली.

“छत्तीसच? चाळीसना वर लागस ना भाऊ. पगार चालू व्हयना नसी मंग.”

मी सांगू लागलो की गोल्फमधला हँडिकॅप म्हणजे आपल्याला किती फटक्यांची सवलत. तो जितका जास्त तितका खेळाडू कच्चा, आणि ५४ ही कमाल मर्यादा. हे नको होतं सांगायला. सवलत आणि मर्यादा हे दोन्ही शब्द सरकारी. आप्पा म्हणाले, त्यांच्या पाहण्यात एक माणूस आहे, तो छत्तीसचे बेचाळीस करून देतो. खरं सांगायचं तर गोल्फमध्येही असे महाभाग असतात, मुद्दाम वाईट खेळून आकडा फुगवतात आणि स्पर्धेत सवलत उपटतात. तेव्हा आप्पा अगदीच चुकीचं बोलत होते असं नाही. पण माझ्या गुडघ्यांकडे ज्या दयेने त्यांनी पाहिलं, ती मला अजून टोचते.

शेवटचं अस्त्र म्हणून मी स्वीडन काढलं. तिथे तीन लाख गोल्फ खेळणाऱ्यांचा अभ्यास झाला. त्याच वयाच्या, तशाच परिस्थितीतल्या इतरांपेक्षा त्यांचा मृत्युदर ४० टक्क्यांनी कमी निघाला, म्हणजे आयुष्यात सुमारे पाच वर्षांची भर. (यात एक मेख आहे. ज्याला गोल्फ खेळता येतो तो मुळात धडधाकट असतो, त्यामुळे सगळं श्रेय चेंडूला देता येत नाही. ही मेख मी आप्पांना सांगितली नाही. वादात कोण सांगतं?)

“पाच वर्षं जास्त जगतो माणूस, आप्पा.”

आप्पा थोडा वेळ लाल फडक्याकडे बघत राहिले.

“पाच वरीसमा पैसा भेटतीन का?”

मग कळलं. थोरल्या भावाची जमीन कुठल्याशा कामात गेली. काम झालं. भाऊ वारला. फाईल आहे. ती कुठल्या टेबलावर आहे ते आप्पांना पाठ होतं, आणि टेबलामागचा माणूस कितीदा बदलला तेही. ते मला मोजणीवाला समजत होते त्यात चेष्टा नव्हती. या वेळी आधीच नीट विचारून घ्यावं, एवढंच होतं. मी चार तास चालून जे कमवायला बघत होतो ते आप्पा रोज करत होते: चाल, वाकणं, वळणं, पाणी घालणं. वय विचारलं तर माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. त्यांना कुणी कॅलरी मोजून दिल्या नाहीत, आणि त्यांचं आयुष्य पाच वर्षांनी वाढलं तर ती कुठे खर्च होतील हेही दिसत होतं. शहरातल्या म्हाताऱ्यांना चालायला जागा नाही म्हणून मी रडत वावरात आलो होतो. ते रडगाणं मी त्यांच्यापुढे गायलो नाही. तेवढी अक्कल होती.

माझी चिडचिड मात्र तिथे संपायला हवी होती, ती संपली नाही. कारण काल सकाळी गेलो तर फडकं जागेवर नव्हतं.

ते चाळीस पावलं पूर्वेला, बांधापलीकडे आप्पांच्या गटात उभं होतं. बांबू नीट मुरूम ठोकून बसवलेला. पायथ्याशी माझा पीव्हीसीचा तुकडा बाजूला काढून ठेवलेला आणि त्या जागी दोन फूट रुंद, दोन फूट खोल, चौकोनी, खांबाला पुरेल असा खड्डा. कडा फावड्याने साफ केलेल्या. आप्पा आणि त्यांचे दोन पुतणे सातबाऱ्याच्या झेरॉक्स घेऊन उभे होते.

मी काही बोललो नाही. पन्नास मीटरवरून वेजने एक मारला. चेंडू दोन टप्पे घेऊन सरळ आत गेला. एका फटक्यात खड्डा गाठायची माझी ही पहिलीच वेळ. पुतण्यांनी टाळ्या वाजवल्या.

चेंडू अजून आतच आहे. पटरच्या मुठीला लावायची रबरी चूषणी असते, वाकावं लागू नये म्हणून. पण ती फार तर वीतभर खड्ड्यासाठी. दोन फूट खाली वाकणं कमरेला चालत नाही, आणि त्यांच्या गटात उतरून काही उचललं तर तिथेच पंचनामा झाला असता.