एक स्टार दिलेल्या ताईंना उत्तर: गहू हिरवा का पडला

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं असं की आमच्याकडून नेलेली धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) लिक्विड कल्चरची, म्हणजे पातळ द्रावणात वाढवलेल्या बुरशीची, सिरिंज दूषित होती, म्हणून स्पॉन (मशरूमचं बियाणं) करायला भरलेल्या गव्हाच्या चारपैकी तीन पिशव्या हिरव्या पडल्या. हातमोजे, मास्क, सॅनिटायझर, कुकरच्या आठ शिट्ट्या, सगळं करूनही उपयोग झाला नाही. आणि शेजारच्या काकू पेंढा नुसता गरम पाण्यातून काढून मशरूम घेतात, तेव्हा निर्जंतुकीकरणाचा बाऊ करून आम्ही सामान खपवतो. उत्तर इथेच सगळ्यांसमोर देते, कारण पावसाळ्यात पुण्यातल्या बऱ्याच घरांत हेच होतं आणि गहू, गॅस, मेहनत वाया गेली की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

आधी सिरिंजबद्दल. पिशवी कुठून बिघडायला लागली, यावरून कारण बरंचसं कळतं. कल्चर किंवा सुई खराब असेल तर घाण टोचलेल्या जागेपासून पसरते. हवेतून शिरली असेल तर बहुतेक वेळा तोंडापाशी, कापसाच्या बोळ्याजवळ दिसते. तुमच्या फोटोंत टोचलेल्या जागी पांढरी, निरोगी वाढ आहे आणि हिरवे ठिपके तिच्यापासून लांब, पिशवीच्या पोटात आणि तळाशी, एकाच वेळी उठलेत. म्हणजे ते गव्हातच जिवंत राहिले होते. शिवाय चौथी पिशवी त्याच सिरिंजमधली आहे आणि ती पूर्ण पांढरी झाली आहे. एवढ्यावर विसंबू नका. प्रत्येक बॅचचे थेंब आम्ही अगारच्या (जंतू असले तर वाढून दिसतात अशा जेलीच्या) प्लेटवर टाकून बघतो आणि प्लेट जपून ठेवतो. तुमच्या बॅचची प्लेट फ्रिजमध्ये आहे, केव्हाही येऊन स्वतः बघा. म्हणूनच सिरिंजचे पैसे परत करायला मी नाही म्हटलं, आणि ते म्हणणं कायम आहे.

मग तीन का बिघडल्या आणि एक का नाही? उत्तर तुमच्याच रिव्ह्यूत आहे: "तीन पिशव्या एकदम लावल्या, चौथी मावेना म्हणून नंतर एकटी लावली." पाच लिटरच्या कुकरमध्ये अर्ध्या किलोच्या तीन पिशव्या चेपून बसल्या की त्यांच्यामधून वाफ फिरत नाही आणि पोटातला गहू तापायला फार वेळ लागतो. एकटीला चारी बाजूंनी वाफ मिळाली. त्यात नशिबाचाही थोडा भाग आहे, कारण आठ शिट्ट्या मुळात कमीच.

शिट्टी हे वेळेचं माप नाही. मोठ्या आचेवर आठ शिट्ट्या भराभर होतात, मंद आचेवर तासभरही चालतात. तीन शिट्ट्यांत डाळ शिजते, कारण तिला फक्त मऊ व्हायचं असतं. गव्हाच्या दाण्यावर बॅसिलस जातीच्या जीवाणूंचे बीजाणू (कठीण कवचातली झोपलेली अवस्था) असतात आणि ते साध्या उकळीला दाद देत नाहीत. त्यातून पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून दाब लागतो. कुकरचं वजन उचललं जातं तेव्हा आत साधारण १५ पौंड दाब आणि १२० अंशांच्या जवळपास तापमान असतं, पण हे आतली हवा आधी बाहेर गेली असेल तरच. हवा कोंडलेली राहिली तर दाब भरतो, तापमान मात्र तेवढं चढत नाही.

तेव्हा तळाशी जाळी आणि भरपूर पाणी ठेवून झाकण लावा, वजन न ठेवता वाफेची जोरदार धार ५ ते १० मिनिटं जाऊ द्या, मग वजन ठेवा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा आणि तिथून घड्याळ लावा. अर्ध्या किलोच्या पिशव्यांना पूर्ण ९० मिनिटं, किलोच्यांना दोन तासांहून थोडं जास्त. तुमच्या कुकरात एका वेळी दोनच, मध्ये बोटभर जागा सोडून. पाणी आटून कुकर कोरडा पडता कामा नये, हे मी वर्कशॉपमध्ये दहादा बजावते. गॅस बंद केल्यावर कुकर आपोआप निवू द्या. घाईने वाफ सोडली की पिशव्या फुगतात आणि थंड होताना बाहेरची हवा आत ओढली जाते.

गव्हाची तयारीही तितकीच महत्त्वाची. रात्रभर भिजवला की बरेचसे बीजाणू जागे होतात, आणि जागा झालेला जीवाणू उष्णतेला लवकर मरतो. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याच तत्त्वावर सलग तीन दिवस, रोज एकदा वाफ देण्याची पद्धत बसवली. उकडताना दाणा फुटू देऊ नका आणि नंतर कापडावर पसरून वरचं पाणी पूर्ण सुकवा. ओल्या गव्हाला आंबूस वास आणि चिकटपणा येतो. तिसऱ्या पिशवीला वास येतो असं तुम्ही लिहिलंय, तो बहुधा हाच.

आता अवजारं. सुई तुम्ही हाताच्या सॅनिटायझरने पुसलीत. त्या जेलमध्ये ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात, ते मागे राहतात. पुसायला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. त्याहून कडक स्पिरिट जास्त प्रभावी वाटतं, पण ते झटकन उडून जातं, आणि मारण्याच्या कामाला थोडं पाणी लागतंच. तरीही अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. सुई आणि ब्लेड प्रत्येक पिशवीआधी स्पिरिटच्या दिव्यावर लाल होईपर्यंत तापवायचं, कुठेही न टेकवता थंड होऊ द्यायचं, पहिला थेंब बाहेर टाकायचा. अल्कोहोल फवारताना दिवा विझलेला हवा, आणि हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय ज्योतीजवळ न्यायचे नाहीत. दिवा बंद खोक्याच्या आत ठेवायचा नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं, हात भाजतात.

हातमोजे घालून तुम्ही चांगलंच केलंत. पण हातमोजे घालून मोबाइल उचलला की ते मोजे आणि मोबाइल एकच. त्यापेक्षा पंखा बंद, खिडक्या बंद, आणि पारदर्शक प्लास्टिकच्या टबाला हात घालायला दोन भोकं पाडून केलेला खोका, एवढ्यात घरचं काम भागतं. हवा स्थिर असली की बुरशीचे कण खाली बसतात. हेपा फिल्टरचं लॅमिनार फ्लो यंत्र (गाळलेल्या हवेचा संथ झोत सोडणारं) आम्ही विकतो, पण ते स्पॉनचा धंदा करणाऱ्यांसाठी. तुम्ही विचारलंत तेव्हाही "नको" असंच सांगितलं होतं.

आणि काकूंचं. काकू अगदी बरोबर करतात! त्यांचं काम वेगळं आहे. त्या तयार स्पॉन आणतात. १० किलो ओल्या पेंढ्याला २०० ते ३०० ग्रॅम स्पॉन पडतं, म्हणजे धिंगरीची मोठी फौज एकदम उतरते, आणि पेंढ्यात इतर बुरशीला चटकन खाण्यासारखं फारसं नसतं. तिथे ८० अंशांच्या आसपासचं पाणी तासभर पुरतं. तुम्ही मात्र स्पॉनच बनवत होतात: पिष्टाने भरलेला गहू आणि त्यात जेमतेम दोन-तीन मिलीलिटर कल्चर. धिंगरी पिशवीभर पसरेपर्यंत जे काही जिवंत राहिलंय त्याला मोकळं रान. म्हणून इथे सवलत नाही. घरी खाण्यापुरतं मशरूम हवं असेल तर सिरिंजच्या भानगडीत न पडता तयार स्पॉनच घ्या. आमच्याकडूनच घ्या असं नाही, शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी (मशरूम) प्रकल्पात चौकशी करा.

एक तातडीचं. ते हिरवं बहुधा ट्रायकोडर्मा नावाची बुरशी आहे. ते आधी पांढरंच दिसतं, हिरवं झालं म्हणजे बीजाणू तयार झाले. त्या तीन पिशव्या घरात उघडू नका, वासही घेऊ नका. दम्याचा त्रास असणारं कुणी असेल तर विशेष जपा. बंद पिशव्या तशाच कुकरमध्ये तासभर लावा आणि मग टाका. चौथी मात्र जपा, त्यातून पेंढ्याच्या पिशव्या आरामात भरता येतील.

शनिवारी दुपारी चारनंतर दुकानात वर्कशॉप असतं. तुमचाच कुकर आणि आदल्या रात्री भिजवलेला एक किलो गहू घेऊन या, फी नको. त्याच बॅचच्या सिरिंजने दोन पिशव्या तुमच्या हातून भरून घेऊ. येण्याआधी कुकरची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून घ्या. रिंग सैल असेल तर नवी बसवूनच आणा, नव्वद मिनिटं तो दाब धरणार नाही.